जुनी पेटी पुन्हा वाजती करताना

जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, हाती आली की माणसाचा हात आधी पॉलिशकडे जातो. धूळ झटकली, सँडपेपर मारला, वरून मेलामाइनचा हात दिला की पेटी नवीकोरी दिसते. वाजवायला बसलं की कळतं: भाता दोन हातांतच दम टाकतो, मधला पंचम मुका आहे आणि एक निषाद कुणी न दाबताच भोंगा धरून बसलाय. पहिल्यांदा या कामात पडणाऱ्यांनी म्हणून क्रम पक्का धरावा. आधी हवा, मग सूर, लाकूड सगळ्यांत शेवटी. या क्रमाने गेलं तर बऱ्याच पेट्यांचे सूर, म्हणजे आतली पितळी रीड, बदलावेच लागत नाहीत, आणि जुन्या पेटीत जपण्यासारखं जे असतं ते सुरांतच असतं.

मराठवाड्यात जुनी पेटी शोधायला लांब जावं लागत नाही. भजनी मंडळ नाही असं गाव सापडणं अवघड. नवी पेटी आली की जुनी मारुतीच्या देवळातल्या कपाटावर जाते, नाहीतर कुणा बुवांच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या, घरात धान्याच्या कोठीशेजारी कापडात गुंडाळून पडते. मागितली तर लोक देतातही. फक्त मंडळाची पेटी असेल तर चारचौघांना विचारून घ्या. वीस वर्षं तिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं, पण ती वाजायला लागली की मालक उभे राहतात.

हातात काय आलंय

हार्मोनियम मुळात फ्रान्सची. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने या नावाने तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची, टेबलाएवढी. मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी मागे हाताचा भाता असलेली सुटसुटीत पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या आसपास घडवली. आज आपण जिला पेटी म्हणतो ती हीच.

हे सूर पूर्वी जर्मनीहून आणि पॅरिसहून यायचे. पुढे गुजरातेतलं पालिताणा रीडसाठी नावारूपाला आलं. आपल्याकडच्या जाणत्या वादकांना अजूनही जर्मन सुराची पेटी म्हटलं की मोह होतो. तो सूर गोल असतो आणि थोड्या हवेत बोलतो, हे खरं. पण 'जर्मन' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी फार स्वस्त झालाय. कान आणि डोळे सांगतील तेवढंच मानायचं.

पेटी उघडण्याआधी बाहेरूनच नोंद करून घ्या. पट्ट्या किती? साडेतीन सप्तकांची असेल तर साधारण ४२ भरतात. पुढे खटके, म्हणजे ओढायची बटणं, किती आणि प्रत्येक ओढल्यावर काय फरक पडतो? सूर इकहेरी आहेत, दुहेरी की तिहेरी? दुहेरीत बहुतेक वेळा एक ओळ खर्जाची (खालच्या आवाजाची) आणि एक नराची (मधल्या), तिहेरीत त्यांच्या जोडीला मादी (वरच्या). जाळीच्या आत, झाकणाच्या उलट बाजूला, भात्याच्या लाकडावर कुठे कागदी चिठ्ठी, शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं नाव किंवा साल आहे का बघा. ते पुसू नका, वर पॉलिशही चढवू नका. आणि फोनवर फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, अगदी कंटाळा येईपर्यंत. जुळणीच्या वेळी उपयोगी पडतो तो नेमका आपण काढायचा नाही म्हणून सोडून दिलेला फोटो.

एका गोष्टीवर मात्र काम सुरू करण्याआधीच पाणी सोडावं लागतं. वाळवी सूर बसवलेल्या पाटीत शिरली असेल, किंवा ती पाटी आरपार चिरली असेल, तर हे नवशिक्याचं काम नाही. बाहेरची चौकट, झाकण, कड्या, जाळी यांना वाळवी लागली असेल तर सुतार आहे. पाटीला सुतार चालत नाही.

हवा

सगळे खटके बंद करा. मागचा भाता पाच-सहा वेळा मारून आतला, हवा साठवणारा भाता भरून घ्या आणि हात काढून घ्या. मागचा भाता आपोआप फुगून बाहेर यायला लागला तर आतली हवा उलटी फिरतेय: चामड्याच्या झडपा वाळून वाकल्यात. भाता जागच्या जागी राहिला पण आत फुस्स आवाज येत हवा ओसरली तर गळती कुठेतरी घडीत, कोपऱ्यात नाहीतर सांध्यात आहे. चांगल्या पेटीत भरलेली हवा बराच वेळ टिकते.

गळती शोधायला उदबत्तीसारखं साधन नाही. खोलीचा पंखा बंद करा, भाता भरा आणि पेटवलेली उदबत्ती सांध्यांच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जाताजाता जिथे एकदम बाजूला ढकलला जातो तिथे खडूने खूण करा. पट्ट्यांजवळ मात्र उदबत्ती नेऊ नका. जुन्या पेट्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर कित्येकदा सेल्युलॉइड असतं आणि ते भसकन पेटतं. तिथे ओल्या हाताची पाठ फिरवा, वाऱ्याची झुळूक लगेच कळते.

भाता म्हणजे पुठ्ठ्याच्या घड्या, वर कापड, कोपऱ्यांवर मऊ चामडं. फाटतो तो कोपऱ्यातच, कारण प्रत्येक दाबाला तिथेच मुरड पडते. त्यात उंदरांना चामड्याला लावलेली सरस आवडते. उंदीर एकदा आत शिरला की संसारच मांडतो. एका पेटीच्या पोटातून मूठभर ज्वारी निघालेली बघितली आहे, वर कापसाची गादी. अशी घाण कोरडी झाडू नका. तोंडाला फडकं बांधा, पाण्याचा हलका फवारा मारून ओली करा, मग उचला. आणि पेटी सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवा. वास जातो म्हणून वैशाखाच्या उन्हात ठेवाल तर सांधे उकलतील.

कोपरा दुरुस्त करायचा तो असा. जुनं चामडं नुसतं कडक झालं असेल आणि फाटलं नसेल तर राहू द्या. फाटलं असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्यावर दहा-पंधरा मिनिटं धरा. सरस मऊ पडते आणि चामडं नखाने उचलत सुटतं. जोर लावून ओरबाडू नका, खालचा पुठ्ठा सोबत येतो. नवं चामडं पातळ हवं, दोन बोटांत चुरगळलं तर आवाज होऊ नये इतकं. मेंढीचं मिळालं तर उत्तम. जुन्या तुकड्याचाच कागदावर साचा काढा आणि कडेने थोडं जास्त ठेवून कापा. चामड्याच्या कडा ब्लेडने आतून तिरप्या छिला, म्हणजे घडी मिटताना जाडी आड येत नाही. सरस लावताना भाता अर्धा उघडा ठेवा. पूर्ण मिटून चिकटवलं तर उघडताना ओढ बसते, पूर्ण उघडून चिकटवलं तर मिटताना चोळामोळा होतो. रात्रभर वाळू द्या, मग दहा-वीस वेळा हळू उघडझाप करा.

इथे फेव्हिकॉल की सरस हा वाद निघतोच. फेव्हिकॉल सोपा, वास नाही, लगेच मिळतो, आणि नव्या कामाला वाईटही नाही. पण जुन्या पेटीला मी सरसच म्हणेन. वीस वर्षांनी पुन्हा कुणाला हाच कोपरा उघडायचाय, आणि सरस कोमट पाण्याने सुटते. सरस थेट विस्तवावर उकळू नका, जळते आणि ताकद जाते. पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून विरघळवा.

झडपा बदलणं त्या मानाने हलकं काम: जुन्याच मापाचं मऊ चामडं, एका कडेला चिकटवलेलं, दुसरी कड मोकळी. आतला भाता मात्र सांभाळून. त्याच्या खाली ताणलेल्या स्प्रिंगा असतात, स्क्रू काढताच लाकूड उसळून बोटावर बसतं. एका हाताने फळी दाबून धरूनच शेवटचा स्क्रू सोडा. भीती वाटत असेल तर आतल्या भात्याचं काम कारागिराकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

पट्ट्या

प्रत्येक पट्टी मध्ये तोललेली असते. पुढून दाबली की मागचं टोक उचलतं, त्याखालचं छिद्र उघडं पडतं आणि हवा सुरातून वर येते. मागच्या टोकाखाली नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा) आणि चामडं लावलेलं असतं, वरून तारेची स्प्रिंग ते दाबून धरते. एवढं समजलं की 'सूर अडकला' या तक्रारीची कारणं आपोआप सापडतात. छिद्राच्या तोंडावर कचरा, चामड्याला कसर, स्प्रिंग ढिली, नाहीतर पट्टी शेजारणीला घासतेय.

पावसाळ्यात पट्ट्या फुगून घासतात म्हणून लोक बाजू तासतात. तासू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच पट्टी मोकळी होते, आणि तासलेली असेल तर उन्हाळ्यात खुळखुळायला लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर आणि ऑगस्टमध्ये भिंतीला ओल, म्हणून लाकूड वर्षभर आत-बाहेर करत राहतं. दुरुस्तीचं मोजमाप कार्तिक-मार्गशीर्षात घ्यावं, तेव्हा ते मधल्या मापावर असतं.

पट्ट्या काढताना डावीकडून १, २, ३ असे आकडे पेन्सिलीने मागच्या टोकावर टाका. बहुधा कारागिराने आधीच टाकलेले दिसतील. त्या वरवर सारख्या दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी नीट बसत नाही. वरचं पांढरं पुसायला नुसतं ओलसर फडकं. थिनर, नेलपॉलिशचा रिमूव्हर लांब ठेवा, सेल्युलॉइड विरघळून बोटाला चिकटतं. पिवळेपणा जाणार नाही आणि तो घालवायचाही नाही.

सूर

पट्ट्यांसकट वरची पाटी उचलून उलटी केली की पितळेच्या ओळी दिसतात. पितळेच्या जाड पट्टीत चीर, आणि एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पातळ जीभ. हवा आली की जीभ चिरेतून आत-बाहेर झुलते, हाच सूर. जीभ आणि चीर यांत केसाएवढी फट असते. त्या फटीत काय अडकतं? माळवदाच्या घरात पांढरी माती वरून सतत भुरभुरत असते, अगदी झाकलेल्या पेटीतही ती पोचते. जोडीला सप्ताहातल्या उदबत्त्यांची राख आणि बुक्का. म्हणून इथली पेटी खरखरते किंवा मुकी होते तेव्हा बहुतेक वेळा सूर मेलेला नसतो, नुसती माती असते.

साफ करायला चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या. रिव्हेटकडून जिभेच्या टोकाकडे, एकाच दिशेने फिरवा. उलटा फिरवला की केस जिभेखाली शिरून ती उचलतात. मग रबरी ब्लोअरने फुंका. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा अंश पितळेला हिरवं करतो. तरीही खरखर राहिली तर पातळ कागदाची अरुंद पट्टी जिभेखालून हलकेच सरकवा आणि ओढून काढा. उजेडापुढे धरून बघितलं तर जिभेच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी रेघ दिसायला हवी. एका बाजूची रेघ बुजली असेल तर जीभ कडेला टेकतेय. ती सरकवणं नाजूक काम आहे, कारागिराला दाखवा.

पितळ काळवंडलंय म्हणून चिंच-मीठ किंवा पितांबरी लावायचा मोह आवरा. देवाची समई आणि पेटीचा सूर दोन्ही पितळेचे असले तरी समईला सुरात राहायचं नसतं. घासलं की धातू जातो, आणि धातू गेला की स्वर बदलतो. तेल, ग्रीस, फवाऱ्याचं गंजनाशक यांतलं काहीही आत मारू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात सगळे सूर चिकट.

जिभेचं टोक चिरेच्या वर किंचित उचललेलं असतं. ते खाली बसलं तर सूर बोलतच नाही, फार वर गेलं तर उशिरा आणि खूप हवा खाऊन बोलतो. शेजारच्या सुरांशी नजरेने तुलना करा. फरक स्पष्ट असेल तर पातळ पत्ती जिभेच्या मध्याखाली घालून अगदी जरासं उचला, बसवून वाजवा, पुन्हा बघा. एका वेळी एकच सूर बाहेर काढायचा आणि तो बसल्यावरच पुढचा. स्क्रू आवळताना शेवटचा पीळ हलका द्या, जुन्या लाकडात आटे लवकर फिरतात.

सूर लावणं, म्हणजे ट्यूनिंग, ऐकायला सोपं आहे. जिभेच्या टोकाजवळ खरवडलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ खरवडलं की उतरतो. हे माहीत असावं, करू नये. खरवडलेला धातू परत येत नाही, आणि जिभेला बारीक तडा असेल तर कितीही लावा, सूर उतरतच जाणार आणि एक दिवस तुटणार. फोनवरचं ट्यूनर ॲप घेऊन सगळे सूर नुसते तपासा आणि वहीत लिहा. हवेचा दाब सारखा ठेवा, जोरात भाता मारला तर सूर थोडा उतरतो. सगळेच सूर आजच्या ४४० हर्ट्झच्या मापापेक्षा सारख्याच अंतराने चढे किंवा उतरे निघाले तर ती पेटी मुळात त्याच मापाला लावलेली आहे. आपसांत जुळत असतील तर हात लावू नका. दोन-तीनच सूर वेगळे पडत असतील तर आधी ते पुन्हा साफ करा. टोकावरची धूळ वजन वाढवते आणि सूर उतरवते. तरीही वेगळे राहिले तर यादी घेऊन कारागिराकडे जा.

लाकूड

आता पॉलिश. जुन्या पेट्या बहुधा सागवानी, आणि वरचं पॉलिश बऱ्याचदा लाखेचं, म्हणजे चपड्याचं. तळाशी लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर चपडाच. मग ओलसर फडक्याने मळ काढायचा, वाळवायचं आणि जिथे उडालंय तिथेच चपड्याचे पातळ हात द्यायचे. पूर्ण पेटी घासून नवी करू नका. उजव्या कोपऱ्याला वादकाच्या मनगटाने जे लाकूड गुळगुळीत झालंय ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

ऐकणं

जुळणी झाली की भजन सुरू करण्याआधी पेटी नुसती ऐका. एकच खटका उघडा, षड्ज धरा आणि भाता जेमतेम हलवा. किती कमी हवेत सूर बोलायला लागतो, ही चांगल्या सुराची खरी परीक्षा. खर्जाचा सूर उशिरा जागा होतो, मादी लगेच. मग दुसरी ओळ जोडा. दोन ओळींतले षड्ज एकमेकांत मिसळून एकच झाला पाहिजे. आवाज लाटेसारखा हेलकावत असेल तर दोहोंत थोडा फरक आहे. काहींना तो हेलकावा आवडतो, मला नाही.

मग तंबोरा, नाहीतर तंबोऱ्याचं ॲप, लावून गांधार वाजवा. कान तयार असेल तर पेटीचा गांधार किंचित चढा वाटेल, आणि तो आहेच. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले, तंबोऱ्यातून उमटणारा गांधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट उतरता, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरं) मिळत नाहीत या कारणांवरून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं, ते १९७१मध्ये किलकिलं झालं. आक्षेप खोटा नव्हता. पण जालन्यात जन्मलेल्या पं. अप्पा जळगावकरांची साथ ऐकली की कळतं, पट्टीवरचं बोट आणि भात्यावरचा हात मिळून त्यातली बरीचशी उणीव झाकतात. म्हणून जुन्या पेटीवर डाव्या हाताचा सराव जास्त करा. तिचा भाता हलका असतो आणि सुराला फुगवणं-ओसरवणं तिथूनच होतं.

पुढची निगा

पेटी रोज दहा मिनिटं वाजली तर तिला वेगळं औषध लागत नाही. ठेवताना खटके बंद, भात्याची कडी लावलेली, वर सुती कापड. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत कोंडते. जमिनीवर ठेवण्यापेक्षा पाटावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. डांबरगोळ्या कापडात बांधून पेटीशेजारी ठेवा, आत टाकू नका. सप्ताहाला जीपमधून न्यायची असेल तर उभी नको, आडवी आणि मांडीवर. टपावर तर नकोच.

कारागिराकडे द्यायची वेळ आलीच तर 'पेटी नीट करून द्या' असं मोघम सांगू नका. कोणते सूर, कोणती पट्टी, भात्याचा कोणता कोपरा, हे लिहून द्या. जुने सूर बदलायचे नाहीत, बदलावाच लागला तर काढलेला सूर परत हवा, हे आधीच बोलून घ्या. पॉलिश नको असेल तर तेही सांगा, नाहीतर तो आपला म्हणून चांगुलपणाने करून टाकतो. घरी आल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला, जुन्या चिठ्ठीला धक्का न लावता, काय काम झालं आणि कोणत्या साली ते पेन्सिलीने लिहून ठेवा.